शाकारणी

मृग लागण्यापूर्वी घर शाकारून घ्यावे, हे कळण्यासाठी आमच्या घाटमाथ्यावर कोणाला पंचांग उघडावे लागत नसे. वैशाख सरत आला, वळवाची एखादी सर पडून गेली, की तुंगार्लीतल्या कौलारू घरांवर माणसे चढलेली दिसत. वर्षभराचा पालापाचोळा झाडायचा, वानरांनी फोडलेली कौले काढून नवी घालायची, सरकलेली ओळीत आणायची, पन्हळ मोकळे करायचे आणि खाली उतरून घरमालकाच्या ओटीवर चहा घ्यायचा. लोणावळ्याचा पाऊस वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या पुढे जातो; पुण्याच्या तो पाचपटीहून अधिक भरतो. अशा मुलखात एक कौल सरकलेले राहिले तर त्याचा जाब आषाढातल्या रात्री दोन वाजता, नेमका अंथरुणावर, विचारला जातो.

आता तुंगार्लीत कौलारू घरे थोडी उरली आहेत. धरणाच्या वाटेवर बंगले उठले, त्यांच्यावर सिमेंटचे स्लॅब पडले, आणि ‘शाकारणे’ हे क्रियापद वर्गात अर्थ सांगून शिकवावे लागते. मुले ते वहीत लिहून घेतात आणि विसरतात. त्यात त्यांचा दोष नाही. घरच तसे राहिले नाही तर क्रियापद कुठे राहणार? परंतु मला त्या शब्दाचा मोह आहे, कारण त्यात दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत. एक, हे काम छप्पर गळण्यापूर्वी करायचे असते. दुसरी, ते नीट झाले की कोणाला दिसत नाही. ‘यंदा आमच्याकडे गळले नाही हो!’ असे सांगत पेढे वाटणारा गृहस्थ अजून कोणी पाहिलेला नाही.

गंमत अशी की शब्द गेला तरी काम गेलेले नाही. ते छपरावरून उतरून कचेरीतल्या टेबलावर येऊन बसले आहे. संगणक आता सगळीकडे आहेत. कॉलेज घ्या, पतपेढी घ्या, इस्पितळ घ्या. चाळीस-पन्नास संगणक सहज सापडतात. त्या प्रत्येकाच्या डोक्यावर एक अदृश्य छप्पर आहे, त्यात निरनिराळ्या भट्ट्यांची कौले आहेत, आणि ती शाकारायची कोणी, हा प्रश्न बहुतेक ठिकाणी कोणी कोणाला विचारलेला नाही.

कसे, ते सांगतो. संगणकाला चालवणारी जी मुख्य व्यवस्था, ती आपल्याकडच्या बहुतेक कचेऱ्यांत मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज. तिची डागडुजी ती कंपनीच करते. २००३ सालापासून तिने त्यासाठी महिन्यातला दुसरा मंगळवार ठरवून टाकला आहे. आपल्याकडे संकष्टी असते तसा हा त्यांचा मंगळवार. अमेरिकेत सकाळी दुरुस्त्या निघतात, तेव्हा आपल्याकडे रात्र झालेली असते. विंडोजचे असे एक व्रत तरी आहे. पण संगणकात विंडोज एकटी नांदत नाही. पीडीएफ वाचण्याचा प्रोग्राम एका कंपनीचा, इंटरनेट पाहण्याचा ब्राउझर दुसरीचा, फायलींचे गाठोडे बांधण्या-सोडण्याचा तिसरीचा. मराठी टंकलेखनाचा कोणा चौथ्याचा, प्रिंटरबरोबर आलेला पाचव्याचा, आणि डिजिटल सही उमटावी म्हणून कधीकाळी घातलेला जावा सहाव्याचा. संगणक आपला, विंडोज मायक्रोसॉफ्टची, आणि ही बाकीची मंडळी तिऱ्हाईत. जाणकार त्यांना तसेच म्हणतात: तिऱ्हाइताचे सॉफ्टवेअर. मंगळवारच्या व्रतात या तिऱ्हाइतांचा समावेश नसतो. त्यांतले काही आपले आपण नवे होतात, काही ‘नवे करू का?’ असे विचारतात आणि आपण ‘नंतर’ म्हणतो, आणि काही बिचारे विचारतसुद्धा नाहीत.

नवे करायचे म्हणजे काय? इंग्रजीत त्या दुरुस्तीला पॅच म्हणतात, आणि पॅच म्हणजे ठिगळ. शब्दशः ते बरोबर असले तरी आपल्या भाषेत ठिगळाला दारिद्र्याचा वास येतो. ठिगळ लावलेले वस्त्र आपण झाकून ठेवतो. इथे उलटे आहे. ज्याच्याकडे ठिगळे वेळेवर लागलेली आहेत तो संगणक श्रीमंत समजावा. कोणताही मोठा प्रोग्राम माणसांनीच लिहिलेला असतो, लक्षावधी ओळींचा असतो, आणि त्यात कुठेतरी भोक राहतेच. कर्त्यांना ते सापडले की ते दुरुस्ती पाठवतात आणि भोक कुठे होते तेही जाहीर करतात. खरी मेख इथे आहे. ही जाहिरात जशी सज्जन वाचतात, तसे चोरही वाचतात. ठिगळ बाजारात आले त्याच दिवशी भोकाचा पत्ताही बाजारात आला. त्यापुढे शर्यत लागते: तुम्ही आधी भोक बुजवता, की चोर आधी त्यातून आत येतो.

ही शर्यत कशी हरतात, हे २०१७ साली सगळ्या जगाने पाहिले. विंडोजमधल्या एका भोकाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला दिली होती. १२ मेला, म्हणजे सुमारे दोन महिन्यांनी, वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर प्रोग्राम त्याच भोकातून शिरला आणि दीडशेच्या आसपास देशांतल्या दोन लाखांवर संगणकांना त्याने कुलपे घातली. इंग्लंडमधल्या सरकारी इस्पितळांत रुग्णांच्या अंदाजे एकोणीस हजार भेटी रद्द कराव्या लागल्या. त्यांत कोणाची शस्त्रक्रिया होती, कोणाला तपासणीचा निकाल कळायचा होता. दोन महिने ठिगळ हातात होते. आपल्याकडे यालाच वरातीमागून घोडे म्हणतात.

ही झाली विंडोजची गोष्ट, जिला निदान एक व्रत आहे. तिऱ्हाइतांची कथा याहून नाजूक. फायलींची गाठोडी बांधणारा विनरार हा प्रोग्राम ठाऊक नाही अशी कचेरी महाराष्ट्रात शोधावी लागेल. फेब्रुवारी २०१९ मध्ये चेक पॉइंट या कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिले की त्यात सुमारे एकोणीस वर्षांपासून एक भोक होते. बरे, ते विनरारच्या कर्त्यांनी लिहिलेल्या भागात नव्हतेच. एका जुन्या, फारशा न वापरल्या जाणाऱ्या पद्धतीची गाठोडी सोडता यावीत म्हणून त्यांनी दुसऱ्याकडून एक तुकडा घेऊन आत बसवला होता. भोक होते त्या तुकड्यात. त्याचा मूळ मजकूर त्यांच्यापाशी नव्हता, त्यामुळे तो दुरुस्त करणेही त्यांना शक्य नव्हते. शेवटी त्यांनी तो तुकडाच उचलून फेकून दिला. तिऱ्हाइताच्या पोटात आणखी एक तिऱ्हाईत, असा हा प्रकार.

तोही मिटला. मग २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्याच प्रोग्राममधले दुसरे एक भोक बुजवण्यात आले. परंतु विनरार आपला आपण नवा होत नाही. कोणीतरी जाऊन नवी आवृत्ती उतरवून घ्यावी आणि प्रत्येक संगणकावर बसवावी लागते. ऑक्टोबरमध्ये गूगलच्या तपासनिसांनी सांगितले की अनेक टोळ्या अजून त्याच भोकातून आत जात आहेत. ठिगळ होते, फुकट होते, दोन महिने झाले होते. ते लावायला जायचे कोणी, एवढाच काय तो प्रश्न होता.

हा प्रश्न मी एका कॉलेजच्या कचेरीत काढला. तिथले भाऊसाहेब, म्हणजे हेडक्लार्क, तीस वर्षे नोकरी केलेले, आणि खोटे बोलण्याची सवय नसलेले.

“सर, चालतंय ना?” ते म्हणाले. “मग चालत्या गाड्याला खीळ कशाला घालायची?”

“पण जुना झालाय म्हणतात तो प्रोग्राम.”

“जुना तर मीही झालोय. मला बदलताय का?” मग जरा आवाज उतरवून म्हणाले, “मागं एकदा आमच्या त्या संगणकवाल्या पोरानं चांगल्या मनानं जावा नवीन केला. महिन्याची अठ्ठावीस तारीख. सही उमटेना. पगारपत्रक अडकलं ते तीन दिवस. तेव्हा माझ्या टेबलापाशी कोण उभं होतं? तुम्हीच प्राध्यापक मंडळी. एकानंही विचारलं नाही, की भाऊसाहेब, भोक बुजलं का.”

यावर उत्तर द्यायला मी तोंड उघडले आणि मिटले. भाऊसाहेबांचे म्हणणे आडमुठेपणाचे नव्हते. नवी दुरुस्ती घातल्याने जुने चालते काम मोडते, हे होते. आणि ते लहानसहान कचेरीतच होते असेही नाही. १९ जुलै २०२४ या दिवशी क्राउडस्ट्राइक या कंपनीने एक सदोष अपडेट जगभर पाठवले. या कंपनीचा धंदाच मुळी संगणकांचे रक्षण करण्याचा. सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून ठप्प झाले आणि आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांच्या हातात हाताने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. तेव्हा ‘आले अपडेट की घाल’ हा काही शहाणपणा नव्हे. भाऊसाहेबांची भीती खरी आहे. पण तिच्यावरचा त्यांचा उपाय, म्हणजे कशालाच हात न लावणे, हा मात्र खोटा आहे. कौले चाळताना एखादे फुटते, म्हणून शाकारणीच बंद केली तर पावसाळा काही माघारी जात नाही.

पावसाळा कसा येतो ते पाहायला आम्हां तुंगार्लीकरांना फार लांब जावे लागत नाही. गावाजवळून द्रुतगती मार्ग जातो आणि रात्रंदिवस त्यावरून कंटेनरच्या गाड्या घाट उतरत असतात. चाकण-तळेगावच्या कारखान्यांतला माल त्यांत असतो आणि त्यांतल्या पुष्कळ गाड्यांचा मुक्काम असतो न्हावा-शेवा, म्हणजे जवाहरलाल नेहरू बंदर. २७ जून २०१७ रोजी या बंदरातले गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल अकस्मात बंद पडले. क्रेन शाबूत होत्या, कामगार हजर होते, जहाजे आली होती. पण कोणता कंटेनर कुठला आणि तो कुठे जायचा, हे सांगणारे संगणक मुके झाले होते. काम हाताने करण्याची वेळ आली, जहाजे दुसऱ्या टर्मिनलांकडे वळवावी लागली, आणि बाहेर खोळंबणाऱ्या गाड्या उभ्या करायच्या कुठे, याचा विचार सरकारला करावा लागला.

याचे मूळ कुठे निघाले म्हणाल? युक्रेनमध्ये. तिथे कर भरण्यासाठी असंख्य कचेऱ्या मीडॉक नावाचा एक हिशेबाचा प्रोग्राम वापरत. चोरांनी त्या प्रोग्रामच्या कर्त्यांकडेच शिरकाव केला आणि त्यांच्याच अपडेटमधून विष पाठवले. कचेऱ्यांनी विश्वासाने ते अपडेट घेतले. नॉटपेट्या नावाचे ते विष मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या संगणकांत पोचले. न्हावा-शेव्याचे ते टर्मिनल याच कंपनीच्या परिवारातले, त्यामुळे जगभरच्या तिच्या बंदरांबरोबर आपलेही एक थांबले. एकदा आत शिरल्यावर ते विष पसरले कसे? काही प्रमाणात चोरलेल्या पासवर्डांनी, आणि काही प्रमाणात त्याच भोकातून, ज्याचे ठिगळ मार्चमध्ये निघाले होते. वॉनाक्रायचा दणका बसून तेव्हा सहा आठवडे उलटले होते.

आणि ज्या मीडॉककडून हे सगळे सुरू झाले, त्या कंपनीचे आपले सर्व्हर २०१३ पासून अद्ययावत केलेले नव्हते, असे मागाहून उघड झाले. दुसऱ्यांना कौले विकणाराच्या घरावरचे छप्पर चार वर्षे शाकारले गेले नव्हते! युक्रेनमधल्या एका कंपनीने आपले घर राखले नाही, आणि त्याचा फटका कोकणच्या किनाऱ्यावर बसला.

मर्स्कने दहा दिवसांत चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक नव्याने उभे केले, असे तिच्या अध्यक्षांनी पुढे जाहीरपणे सांगितले. नुकसान पंचवीस ते तीस कोटी डॉलरांचे. हे उभे करणे शक्य झाले ते एका योगायोगाने. कंपनीच्या साऱ्या संगणकांची ओळखपाळख ठेवणारे जे मुख्य सर्व्हर, ते सगळीकडचे पुसले गेले होते. घाना देशातला एक तेवढा वाचला होता, कारण नेमकी त्या वेळी तिथली वीज गेली होती. वीज गेली म्हणून देवाचे आभार मानण्याचा प्रसंग आपल्यापैकी कोणावर आला असेल असे वाटत नाही. पण मोठ्या कंपनीने त्या योगायोगावर तरावे, हे काही समाधानाचे लक्षण नव्हे.

मग करायचे काय? अपडेट घातले नाही तर चोर, घातले तर पगारपत्रक अडकणार, आणि क्वचित अपडेटमधूनच चोर. अशा वेळी माणसे एखादे जादूचे यंत्र शोधू लागतात. एका जागी बसून साऱ्या संगणकांवर दुरुस्त्या पाठवणारी साधने मिळतातही, आणि मोठ्या संस्थेला ती हवीतच. पण तेही शेवटी तिऱ्हाइताचेच सॉफ्टवेअर. जुलै २०२१ मध्ये कसेया या कंपनीच्या अशाच साधनातून खंडणीखोर आत शिरले आणि स्वीडनमधल्या कोऑप या दुकानसाखळीला आपली आठशेपैकी बहुतेक दुकाने बंद ठेवावी लागली, कारण गल्ल्यावरची यंत्रे चालेनात. शिडी विकत घेतली म्हणजे घर शाकारले जात नाही. आणि शिडीचीही पायरी मोडकी नाही ना, हे पाहावे लागतेच.

माझ्या मते या साऱ्याचे मर्म दुसऱ्याच एका प्रकरणात आहे. अमेरिकेत लोकांच्या कर्जफेडीची पत सांगणारी इक्विफॅक्स नावाची कंपनी आहे. तिच्याकडे अपाचे स्ट्रट्स हा तिऱ्हाइताचा प्रोग्राम वापरात होता. त्यातले भोक मार्च २०१७ मध्ये जाहीर झाले, दुरुस्तीही आली. कंपनीने झोप काढली नाही. दोन दिवसांत अंतर्गत पत्र निघाले, की अठ्ठेचाळीस तासांत हे बुजवा. मग बुजले का नाही? सरकारी चौकशीत आढळले की ज्या यादीवर ते पत्र गेले ती यादीच जुनी होती; ज्याने हात लावायचा, त्याच्यापर्यंत पत्र पोचलेच नाही. मे ते जुलै चोर आत वावरत होते. सुमारे १४ कोटी ७० लाख माणसांची खाजगी माहिती गेली. २०१९ मध्ये कंपनीला किमान साडेसत्तावन्न कोटी डॉलरांची तडजोड करावी लागली.

तंत्रज्ञ होते, पैसा होता, हुकूम सुटला होता. नव्हती ती एक अद्ययावत यादी आणि तिच्यातल्या नोंदीसमोर एक योग्य नाव. बारभाईंच्या कारभारात ‘कोणीतरी केलेच असेल’ हे वाक्य जसे असते, तसेच ते झाले.

हे नाव समोर असणे म्हणजे काय, ते लोणावळ्याच्या माणसाला रेल्वे शिकवते. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ साली खुला झाला. तेव्हापासून जग बदलले, वाफेची इंजिने गेली, विजेची आली. पण रुळांवरून रोज पायी चालत जाणारा माणूस गेलेला नाही. त्याला की-मन म्हणतात. रूळ जखडून ठेवणाऱ्या चाव्या सैल झाल्या असतील त्या तो पूर्वी ठोकून बसवी. आता चाव्यांच्या जागी लवचीक क्लिपा आल्या, तरी नाव तेच राहिले. शिवाय पावसाळ्याच्या तोंडी घाटातले सैल झालेले दगड हुडकून ते आधीच पाडणारी टोळी असते, आणि रात्री-अपरात्री गस्त घालणारे असतात. आपण डब्यात बसून चिक्की खात असतो. आपल्याला त्याचे नाव ठाऊक नसते, पण रेल्वेला असते. कोणत्या खांबापासून कोणत्या खांबापर्यंतचा रूळ कोणाचा, हे कागदावर लिहिलेले असते. तो रजेवर गेला तर त्याच्या जागी कोण, हेही ठरलेले असते. ‘कोणीतरी पाहील’ या तत्त्वावर घाटातून गाडी सोडण्याची रेल्वेची छाती होणार नाही.

कचेरीतल्या संगणकांना हेच लागू करावे, इतके साधे ते आहे. प्रथम यादी: कोणत्या संगणकावर कोणकोणते तिऱ्हाईत राहतात आणि त्यांची आवृत्ती कोणती. ही यादी पहिल्यांदा करताना माणसे चकित होतात. कोणी तरी केव्हा तरी एकदा वापरलेले, मग विसरलेले असे प्रोग्राम निघतात. दुरुस्ती केव्हाच थांबलेला, ३१ डिसेंबर २०२० ला ज्याच्या कर्त्यांनीच त्याला निरोप दिला, तो फ्लॅशसुद्धा एखाद्या कोपऱ्यातल्या संगणकावर सापडायचा. नको असेल ते काढून टाकावे. नसलेल्या खिडकीला कडी लावावी लागत नाही. पुढे कोणी उठून वाटेल तो प्रोग्राम घालू शकणार नाही, अशी परवानग्यांची व्यवस्था करावी. मग महिन्यातला एक दिवस ठरवावा, आणि तो पगारपत्रकाच्या आठवड्यातला नसावा. दुरुस्ती आधी एका संगणकावर घालावी. तिथे पगारपत्रक चालते, सही उमटते, हे भाऊसाहेबांनीच पाहावे. मग चार संगणकांवर, आणि दोन दिवस सुखाचे गेले तर सर्वांवर. एखादे भोक गंभीर असेल तर हेच टप्पे दिवसांऐवजी तासांत उरकावेत. अशा इशाऱ्यांची टिपणे भारत सरकारची सर्ट-इन ही संस्था नेहमी प्रसिद्ध करते. ती वाचायला पैसे पडत नाहीत. आणि ज्या संगणकावर जुना जावा ठेवल्यावाचून गत्यंतरच नाही, त्याला बाकीच्यांपासून वेगळा ठेवावा, त्यावर इंटरनेट पाहू नये, आणि ‘हा असा कधीपर्यंत?’ याचे उत्तर तारीख घालून लिहून ठेवावे. महत्त्वाच्या फायलींची एक प्रत कचेरीच्या तारांपासून तोडून ठेवावी, म्हणजे घानाची वीज जाण्याची वाट पाहावी लागणार नाही.

यात मोठी विद्या नाही, चिकाटी आहे. आणि ही चिकाटी कोणाकडून अपेक्षित आहे ते पाहिले म्हणजे मन जरा खट्टू होते. बहुतेक कचेऱ्यांत संगणकांचे पाहणारा एक तरुण असतो. नेमणूक बहुधा कंत्राटी, दर अकरा महिन्यांनी नवी. प्रिंटरात कागद अडकला की त्याला हाक, साहेबांच्या घरचे वाय-फाय बंद पडले की त्याला हाक. त्याला नेमले ते ‘बिघडले तर’ पाहायला. ‘बिघडू नये म्हणून’ पाहायला त्याला कोणी नेमलेले नाही, आणि त्यासाठी दिवसातला एक तासही दिलेला नाही. तो आपण होऊन काही करायला गेला आणि सही उमटेनाशी झाली तर बोलणी त्याला. त्याने काही केले नाही आणि पुढे सगळ्या फायलींना कुलपे पडली, तरी बोलणी त्यालाच. अशा स्थितीत शहाणा मनुष्य काय करील? ‘नंतर’ या बटणावर बोट ठेवील. त्याच्यावर रागावण्यापूर्वी संस्थेने आपण त्याला काय दिले, याचा विचार करावा.

आपल्याकडे उद्घाटनाला पाहुणे येतात. संगणक-कक्षाला फीत बांधतात, ती कापतात, फोटो निघतो, कोनशिलेवर नावे येतात. त्याच कक्षाच्या शाकारणीला फीत नाही, फोटो नाही, आणि अंदाजपत्रकात तिचा रकानाही नाही. पण गळायला लागते तेव्हा भिजतो कोण? कोनशिलेवरची नावे तर नाहीतच. प्रवेशाच्या आठवड्यात ज्या मुलीला गुणपत्रिकेची प्रत हवी असते ती भिजते. पेन्शनच्या कागदासाठी तिसऱ्यांदा आलेला म्हातारा शिपाई भिजतो. न्हावा-शेव्याबाहेर गाडीच्या केबिनमध्ये रात्र काढणारा ड्रायव्हर भिजतो. त्यांनी ना तो प्रोग्राम निवडला, ना ‘नंतर’ म्हटले. दुसऱ्यांची माहिती आपल्या छपराखाली ठेवली, म्हणजे ते छप्पर आपल्या एकट्याचे राहिले नाही, हे संस्थेने ओळखायला हवे.

घरच्या संगणकाचे आणि फोनचेही थोडके असेच. विंडोज-१० ची नेहमीची दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. घरी तो संगणक असेल तर तो नव्या आवृत्तीवर नेता येतो का ते पाहावे, नाही तर निदान त्यावरून बँकेचे व्यवहार करू नयेत. फोनवरची न वापरलेली ॲप्स काढावीत. ब्राउझरच्या कोपऱ्यात ‘नवे झाले आहे, बंद करून पुन्हा उघडा’ अशी खूण आली तर तिचे ऐकावे. पंधरा-पंधरा दिवस ब्राउझर बंदच न करणाऱ्याच्या पदरात आलेली दुरुस्ती पडत नाही. घरात हे काम बहुधा मुलाकडे किंवा मुलीकडे असते. ते त्यांनी केले तर निदान एकदा विचारपूस करावी.

लक्ष्मीपूजनाला आपण नव्या वह्यांची पूजा करतो. ज्या संस्थांत आजही ही रीत आहे, त्यांना माझी एक सूचना आहे. यंदा पूजेत एक साधी वही जास्त ठेवा. तिच्यात संगणकांची आणि त्यांतल्या तिऱ्हाइतांची यादी असू द्या, महिन्याची ठरलेली तारीख असू द्या, आणि पहिल्या पानावर ज्याने हे पाहायचे त्याचे नाव, आणि तो रजेवर असताना पाहणाऱ्याचे नाव. त्याला आठवड्यातले काही तास तेवढ्यासाठी मोकळे करून द्या, आणि चूक झाली तर एकट्याला पुढे ढकलणार नाही असा शब्द द्या. मग पुढच्या दिवाळीपर्यंत काहीच घडले नाही, एकही फाइल गेली नाही, एकही पगार अडकला नाही, तर त्या माणसाला बोलावून, शाकारणी करून खाली उतरलेल्या गड्याला पाजतात तसा, साखर जरा जास्त घातलेला चहा पाजा.